कानामागचं मीठ

"सिस्टर, पळत या! सात नंबरच्या साहेबांचे पाय उठत नाहीयेत."

मालिशघरातून फोन आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सिस्टर एका पाहुण्याच्या टाचेत रुतलेला काटा चिमट्यानं काढत होती. तिनं चिमटा ट्रेमध्ये टाकला, पाहुण्याला "हलायचं नाही" असं बजावलं आणि निघाली.

बेटावर डॉक्टर नव्हता. मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेली ही एकटी बाई रिसॉर्टचा दवाखाना सांभाळायची. दवाखाना म्हणजे एक खोली, दोन खाटा, औषधांचं कपाट आणि ऑक्सिजनच्या तीन टाक्या. पाहुणे सकाळी अंग मोडून घ्यायचे. कुणी पाण्याखाली बुड्या मारायचं, कुणी दोरीला लटकून दरी पार करायचं, कुणी डोंगराच्या माथ्यावर जायचं. दुपारी तेच अंग जोडून घ्यायला मालिशघरात आणि वाफेच्या खोलीत येऊन पडायचे. या मोडण्या-जोडण्याच्या मध्ये जे उरायचं ते सिस्टरच्या वाट्याला यायचं. खरचटणं, उन्हानं सोलवटणं, फार तर जुलाब.

आजचं प्रकरण तसं नव्हतं. ते तिला दारातूनच कळलं.

साहेब मालिशच्या खाटेखाली पडले होते. पन्नाशीचा, भरदार, दाढीवाला गडी. हात चालत होते, पण कमरेखाली जणू दुसऱ्याच कुणाचं शरीर जोडलेलं.

"नाव सांगा तुमचं."

साहेबांनी तोंड उघडलं. जीभ जड पडली होती. नुसता घोगरा आवाज आला.

सिस्टरनं पायाच्या अंगठ्याला सुई टोचली. काही नाही. पोटरीला, मांडीला, बेंबीखाली. तरी काही नाही. चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. तेवढं एकतीस वर्षांत शिकून झालं होतं.

कोपऱ्यात मालिशवाल्या मावशी तेलाचे हात पदराला पुसत उभ्या होत्या. 

"मावशी, कणा दाबलात ना तुम्ही?" मॅनेजर मागून धापा टाकत आला आणि आल्या आल्या सुरूच झाला. "किती वेळा सांगितलं, जोर लावू नका म्हणून!"

"मी पाठीला हातसुद्धा लावला नव्हता. तेल कोमट करत होते. कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखं होतंय म्हणाले. उठायला गेले आणि कोसळले."

"असं कसं आपोआप होईल?"

सिस्टरनं स्ट्रेचर मागवलं. 

*

साहेबांना दवाखान्यात आणून खाटेवर सपाट झोपवलं. तोंडावर ऑक्सिजन लावला. पाठोपाठ त्यांची बायको धावत आली. तिला 'वहिनी' म्हणणारा माणूस खरा एकच, तिचा धाकटा दीर. पण पाच दिवसांत सगळं रिसॉर्टच तिला वहिनी म्हणू लागलं होतं. चिखलाच्या लेपानं तिचे अर्धे हात अजून करडे होते.

"अहो, काय झालं यांना? दुपारी तर चांगले हसत गेले!"

तिच्यामागून दीर आला. पंचेचाळिशीचा, भावासारखीच दाढी, भावासारखीच चण, फक्त डोळे थकलेले. साहेबांचं कुटुंब सात नंबरच्या बंगलीत, हा शेजारच्या आठ नंबरमध्ये. सिस्टर त्याला ओळखत होती. काल संध्याकाळी तो कान धरून आला होता. उजव्या कानाचा पडदा लालभडक सुजला होता. तिनं थेंब घालून कापूस लावून दिला होता. तो कापूस अजून कानात होता.

सिस्टरनं समुद्रापलीकडच्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न केला.

"हा माणूस आज बुडी मारायला गेला होता का?"

सिस्टरनं फोनवर हात ठेवून वहिनींकडे पाहिलं.

"मी सकाळी सहा ते अकरा मालिशघराकडेच होते," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, तुम्हाला माहीत असेल."

"नाही," धाकटा म्हणाला. "आज मी गेलो होतो. दादा खोलीत झोपला होता. मग जीपनं डोंगरावर गेला."

"नक्की?"

"नक्की. रजिस्टर बघा हवं तर."

सिस्टरनं तसं फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी उसासा टाकला.

"मग बुडी मारणाऱ्यांसाठीच्या आमच्या दाबाच्या खोलीचा काही उपयोग नाही. मेंदूचा किंवा मणक्याचा झटका दिसतो. वारं एवढं आहे की हेलिकॉप्टर उडणार नाही. सकाळच्या फेरीबोटीनं पाठवा."

"सकाळपर्यंत मी काय करू, डॉक्टर?"

"लक्ष ठेवा."

फोन बंद झाला. लक्ष ठेवा! तिनं खुर्ची ओढली आणि लक्ष ठेवत बसली. पाय काही हलेनात. साहेब अर्धवट शुद्धीत, डोळे मोठे करून छताकडे बघत होते. वहिनी त्यांचा तळपाय चोळत होत्या. ज्याला काही कळत नव्हतं तोच पाय.

*

तास असाच गेला. पाच वाजून वीस मिनिटांनी सिस्टर पाणी प्यायला बाहेर आली. पायरीवर मावशी बसल्या होत्या आणि शेजारी बेटावरच्या चौकीचे जमादार वही घेऊन उभे होते. मॅनेजरनं मावशींविरुद्ध तक्रार दिली होती.

"सिस्टर, एक विचारू?" मावशी म्हणाल्या. "डोंगरावर समुद्र असतो का हो?"

"काय बोलताय मावशी?"

"त्यांच्या कानामागं मीठ होतं. पांढरं, वाळलेलं. तेल लावायच्या आधी मी ओल्या फडक्यानं पुसून घेते, तेव्हा बोटांना लागलं. भुवयांतसुद्धा होतं."

"घामाचं असेल."

"बावीस वर्षं लोकांचे घाम पुसतेय मी. घामाचं मीठ कपड्यावर उमटतं. कानामागच्या घडीत खडे होऊन बसतं ते समुद्राचं. आणि आणखी एक. खांदा ठणकतोय म्हणूनच आले होते ते. वर माथ्यावर असतानाच ठणकायला लागला म्हणाले, अंगाला खाजही सुटली होती."

सिस्टर पाणी न पिताच आत गेली. साहेबांचा सदरा वर केला. पोटावर निळसर-लाल जाळी उठली होती, संगमरवरावर असते तशी. मग तिचं लक्ष डाव्या मनगटाकडे गेलं. उन्हानं रापलेल्या हातावर एक फिकट पट्टा.

"वहिनी, यांचं घड्याळ कुठं आहे?"

"घड्याळ? ते तर झोपतानाही काढत नाहीत. बुडीचं आहे, इथं यायच्या आधीच हौसेनं घेतलं." वहिनींनी मनगटाकडे पाहिलं आणि गोंधळल्या. "गेलं कुठं?"

"सकाळी तुम्ही खोलीवर आलात तेव्हा हे काय करत होते?"

"अकराला आले मी. पडले होते पलंगावर. केस ओले होते, मला वाटलं अंघोळ झाली."

धाकटा खिडकीशी उभा होता. तो वळला नाही.

सिस्टर जमादारांना घेऊन धक्क्यावरच्या बुडीच्या दुकानात गेली. तिथला पाणबुड्या कालच बदलीवर आला होता. रजिस्टर उघडून त्यानं बोट ठेवलं.

"आठ नंबर. दाढीवाले. दोन बुड्या. पहिली तीस मीटर, दुसरी बावीस. साडेनऊला पाण्याबाहेर."

"चेहरा पाहिलात?"

"तोंडात नळी, डोळ्यांवर काच. शिवाय दोघे भाऊ एका साच्यातले. आठ नंबर म्हणाले, मी आठ लिहिलं."

"पाण्यात कसे होते?"

"एकदम मस्त! खाली जाताना कितीजण कान धरून थांबतात. हे एकदाही थांबले नाहीत."

सिस्टरनं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे ऑक्सिजनच्या जितक्या टाक्या आहेत तितक्या दवाखान्यात पोचवा. आत्ता."

*

ती परत आली आणि सरळ धाकट्यासमोर खुर्ची मांडली.

"बसा. कान बघायचाय."

"आत्ता? माझा कान काय पळून जातोय?"

"बसा म्हणते ना."

तिनं कापूस काढला. बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पडदा कालच्यासारखाच लाल, कालच्यासारखाच सुजलेला. आणि अखंड. हा कान घेऊन माणूस तीन मीटर खाली गेला असता तर किंचाळत वर आला असता. तीस मीटरला पडद्याच्या चिंध्या झाल्या असत्या.

तिनं लगेच उठून फोन लावला.

"डॉक्टर, तो पाण्यात गेला होता. दोन बुड्या. तीस आणि बावीस मीटर. साडेनऊला बाहेर आला आणि एक वाजता चोवीसशे मीटर उंचीच्या माथ्यावर उभा होता."

 मग डॉक्टर म्हणाले, "हे तासापूर्वी का नाही सांगितलंत?"

सिस्टरनं लिहून घ्यायला कागद ओढला.

"वाऱ्यात चालणारी आमची बोट सोडतो," डॉक्टर म्हणाले. "पोचायला दीड तास, परतायला दीड. ऑक्सिजन एक क्षण बंद पडू देऊ नका. पाय येतील की नाही, आता काही सांगता येत नाही."

*

मॅनेजरला सहलीचे कागद घेऊन यायचं बोलावणं गेलं. खाटेवर साहेब, उशाशी वहिनी, दाराशी जमादार, खिडकीत धाकटा. मावशींनाही सिस्टरनं आत घेतलं.

"वहिनी, मी सांगते ते नीट ऐका," सिस्टर म्हणाली. "माणूस खोल पाण्यात जातो तेव्हा टाकीतली हवा त्याच्या रक्तात मुरते. वर आल्यावर ती हळूहळू बाहेर पडते. त्याला दिवस लागतो. तेवढ्यात तो माणूस उंचावर गेला तर रक्तातच बुडबुडे धरतात. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे. ते कण्यात अडकले की पाय जातात."

"पण हे तर झोपले होते ना?"

"नव्हते झोपले. कानामागचं मीठ मावशींनी पाहिलं. पोटावरची जाळी मी पाहिली. सकाळी पाण्यात हेच होते."

"रजिस्टरमध्ये मी आहे," धाकटा म्हणाला. आवाज कोरडा होता.

"रजिस्टरमध्ये तुमच्या बंगलीचा नंबर आहे. तुमचा कान दुखत होता म्हणून तुमची जागा यांना दिलीत, इतकंच. त्या कानानं तुम्ही बादलीतसुद्धा डोकं घालू शकला नसतात." ती मॅनेजरकडे वळली. "डोंगराची सहल आजची होती का?"

मॅनेजर चाचरला. "नाही... उद्याची होती. सकाळी दहाला हे धाकटे साहेब आले. दादांना आजच जायचंय म्हणाले. जागा होती, मी दिली."

"दहाला. म्हणजे साहेब पाण्यातून आल्यावर अर्ध्या तासानं. फॉर्म कुणी भरला?"

"यांनीच. दादाला वाचायचा कंटाळा आहे म्हणाले."

"आणलाय?"

मॅनेजरनं कागद पुढे केला. सिस्टरनं तो मोठ्यानं वाचला. "'गेल्या चोवीस तासांत बुडी मारली आहे का?' पुढे लिहिलंय, 'नाही.' आता घड्याळ. जीप सुटताना तुम्ही तिथं होतात?"

"हो. यांनी दादांच्या हातातून घड्याळ काढून घेतलं. खडकावर आपटेल म्हणाले. मला वाटलं, भावाची काळजी!"

"बुडीचं घड्याळ दिवसभर सांगत राहतं, अजून उंचावर जाऊ नका. ते साहेबांच्या हातात राहून चालणार नव्हतं."

जमादार न सांगता निघाले. आठ नंबरची बंगली लांब नव्हती. दहा मिनिटांत ते परतले, तळहातावर काळं घड्याळ घेऊन. एका बुटाच्या टोकात कोंबलेलं होतं. त्याच्या काचेवर फुली मारलेलं विमान लुकलुकत होतं आणि शेजारी आकडा होता. अजून पंधरा तास.

वहिनी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग दिराकडे.

"भावोजी, चुकून झालं ना? तुम्हाला हे माहीत नव्हतं ना?"

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. दीड तासाच्या ऑक्सिजननं साहेबांची जीभ थोडी सुटली होती. त्यांनी मास्क बाजूला केला.

"धाकटा म्हणाला... सिस्टरना विचारलंय... चालतं."

 सिस्टरचंच नाव वापरलं होतं. बेटावर ज्या एका शब्दावर माणसं डोळे मिटून भरवसा ठेवायची, तोच. तिनं मास्क परत नीट बसवला. 

"मला कुणीही काहीही विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

 धाकटा खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"बुडीच्या शिकवणीत दादा पेंगत होता," तो म्हणाला. "पुस्तक मी वाचलं. त्यात लिहिलं होतं. मुंग्या येण्यापासून पाय जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं."

"आणि तरी?" जमादारांनी विचारलं.

"आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. लकवा. दादा वर्षातून दोनदा यायचा, दारात उभा राहून फोटो काढायचा आणि जायचा. मी नोकरी सोडली. लग्नाचं राहिलं ते राहिलंच. चार महिन्यांपूर्वी आई गेली. मग हा म्हणाला, चल बेटावर, तुलाही जरा हवापालट." तो वहिनींकडे न बघता बोलत होता. "परवा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर काय म्हणाला, आठवतं वहिनी?"

वहिनींनी डोळे मिटले. त्यांना आठवत होतं.

"'आमच्या धाकट्याला आरामाची भारी सवय. नऊ वर्षं आईच्या खोलीत नुसता बसून होता.' सगळे हसले. मीही हसलो."

"म्हणून भावाला मारायला निघालात?"

"मारायला नाही. एक दिवस पडून राहावं त्यानं. एक दिवस! कुणी पाणी दिलं तर प्यायचं, कुणी वळवलं तर वळायचं. त्याला कळावं, एवढंच." त्यानं तोंड ओंजळीत झाकलं. "खरंच पाय जातील असं वाटलं नव्हतं."

"पण गेले तेव्हा तरी बोलायचंत," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. त्याच वेळी खरं बोलला असतात तर बोट तेव्हाच निघाली असती. तो तास मी कुठून आणू आता?"

 खाटेवर साहेबांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून त्याच कानांमागे जात होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

जमादारांनी वही उघडली, पेन हातात घेतलं आणि तसेच थांबले.

"सिस्टर, लिहू काय मी? डोंगरावर पाठवलं? घड्याळ काढून घेतलं? याला कलम कुठलं लावायचं?"

"तुम्ही जे ऐकलंत ते लिहा. कलम वरचे लावतील."

मॅनेजर घसा खाकरून मावशींना म्हणाला, "तुम्ही उद्या सुट्टी घ्या." माफीसारखं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मावशींनीही मागितलं नाही. त्या तेलाचं फडकं घडी करत बाहेर गेल्या.

*

सव्वासातला बोट लागली. वाऱ्यानं धक्क्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं. बोटीवर दोनच खलाशी होते. साहेबांना स्ट्रेचरवरून आत घेतलं, टाक्या दोरीनं बांधल्या. बेटावर चाळीस पाहुणे आणि सिस्टर एकटी. तिला जाता येत नव्हतं. तिनं वहिनींना टाकी बदलायला शिकवलं, एकदा, दोनदा, तीनदा. 

जमादार धाकट्याला घेऊन त्याच बोटीत चढले. बेटाला कोठडी नव्हती आणि पलीकडे जाणारी दुसरी बोटही सकाळपर्यंत नव्हती.

दोरी सुटली तोच साहेबांना उलटीची उबळ आली. सपाट झोपलेला माणूस, तोंडावर मास्क. वहिनींनी त्यांचा खांदा ओढला. जड देह जागचा हलेना. खलाशी सुकाणूशी अडकलेले. सिस्टर धक्क्यावरून ओरडत होती, पण वारा शब्द उडवून नेत होता.

धाकटा ताडकन उठला. जमादारांनी त्याचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाही यांना!" वहिनी किंचाळल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडे पाहिलं. आवाज खाली आला. "नुसतं सांगा, भावोजी. कसं वळवायचं ते सांगा मला."

"मास्क काढा आधी," धाकटा म्हणाला. "पलीकडचा गुडघा वाकवा. आता एक हात त्या गुडघ्यावर, दुसरा खांद्यामागं. ओढू नका. स्वतः मागं झुका, तो आपोआप येईल."

वहिनी मागं झुकल्या. साहेब कुशीवर वळले. तोंडातलं सगळं बाहेर पडलं आणि त्यांनी मोठा श्वास घेतला.

"तोंड पुसा. मास्क लावा लगेच. पाठीला उशी द्या. आणि डोक्यावरून हात फिरवत राहा वहिनी, घाबरतात माणसं."

इंजिनाचा आवाज वाढला. बोट धक्क्यापासून लांब गेली तरी तो सांगतच होता आणि वहिनी त्याच्याकडे न बघता सांगेल तसं करत होत्या. सिस्टर दोन्ही हात मोकळे सोडून धक्क्यावर उभी होती.